जेलब्रेक फोन आणि ऑफिसचे वाय-फाय

आयफोनवरील निर्मात्याचे निर्बंध काढून टाकणे म्हणजे जेलब्रेक. अँड्रॉइडवर त्यालाच रूटिंग म्हणतात. त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याच्या माहितीपासून दूर ठेवणारे संरक्षण कमकुवत होते, सुरक्षा अपडेटही रखडतात. नोव्हेंबर २००९मध्ये ऑस्ट्रेलियात ‘आयकी’ हा वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, पसरला. दुरून फोनमध्ये शिरू देणारे एसएसएच बसवून ‘अल्पाइन’ हा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले जेलब्रेक आयफोन तो नेटवर्कवर हुडकत असे आणि पडद्यावर गायक रिक ॲस्टलीचे छायाचित्र झळकवत असे. हा निव्वळ खोडसाळपणा. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या वर्मचा डोळा मात्र नेदरलँड्समधील आयएनजी बँकेच्या ग्राहकांवर होता. हाच धोका ऑफिसच्या नेटवर्कलाही असतो. जेलब्रेक किंवा रूट केलेले फोन ओळखून त्यांवर ऑफिसचा ईमेल रोखणारी सॉफ्टवेअर आज आहेत. पण रूटिंग लपवणारी साधनेही आहेत. म्हणून खासगी फोनसाठी ऑफिसमध्ये वेगळे वाय-फाय ठेवणेच अधिक भरवशाचे.