बेलच्या बटणावर सिंथेसायझर

पेटीची पट्टी दाबली की सूर सुरू, बोट उचललं की बंद. कोणता सूर आणि किती वेळ, दोन्ही एकाच बोटाने ठरतं. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये ही कामं वेगवेगळी असतात. सुराची उंची एक व्होल्टेज ठरवतं. तो कधी उमटायचा आणि कुठवर टिकायचा, हे दुसरं. या दुसऱ्याला गेट म्हणतात. शून्य व्होल्ट म्हणजे गप्प, साधारण पाच व्होल्ट म्हणजे वाजत राहा, एवढंच त्याचं बोलणं.

कामं वेगळी असल्यामुळे एक मजा करता येते. दोन्ही हात तबल्यावर असताना षड्ज पायाने धरता येतो! त्यासाठीचं सर्किट एका दुपारचं काम आहे. डोकं खातं ते फक्त बटण.

आपल्याला वाटतं, बटण दाबलं की संपर्क एकदाच होतो. प्रत्यक्षात आतले धातूचे पत्रे एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद उडत राहतात. घरातल्या दिव्याला त्याचं काही नसतं. सिंथेसायझर मात्र प्रत्येक उडी मोजतो आणि सूर अडखळत दोन-तीनदा सुरू होतो. ठेका चालू असताना हे कानाला फारच बोचतं.

यावर उपाय म्हणजे ७४एचसी१४ ही चौदा पायांची स्वस्त चिप. तिच्यात सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर असतात. म्हणजे आत कमी व्होल्टेज गेलं की बाहेर जास्त येतं, आणि मधल्या डळमळीत व्होल्टेजला ती दाद देत नाही. दीड व्होल्टचे तीन सेल घ्या. अधिक टोक पाय १४ ला, उणे टोक पाय ७ ला. अधिक टोकापासून पाय १ पर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टर. पाय १ आणि उणे यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर; त्याच दोन जागांमध्ये बटण आणि त्याला लागून १ किलोओहम. पाय २ पासून आणखी एक १ किलोओहम घेऊन साडेतीन मिलिमीटरच्या जॅकच्या टोकाला जोडा, जॅकची बाहेरची बाजू उणेला. न वापरलेले आत जाणारे पाय ३, ५, ९, ११ आणि १३ उणेला बांधून टाका, नाहीतर चिप भलतंच वागते.

बटण म्हणून दाराच्या बेलचं नवं बटण उत्तम, पायाखाली टिकतं. घरच्या विजेच्या तारांशी त्याचा संबंध मात्र येऊ देऊ नका.

दाबल्याबरोबर कपॅसिटर झटकन रिकामा होतो, म्हणून सूर ताबडतोब येतो. तो पुन्हा भरतो सावकाश, त्यामुळे पत्र्यांच्या उड्या चिपपर्यंत पोहोचतच नाहीत. सोडताना आठ-दहा मिलिसेकंदांचा उशीर होतो, पण तो कानाला कळत नाही. सुरुवातीला झालेला उशीर मात्र वाजवणाऱ्याला जाणवला असता.

आधी मल्टिमीटर लावा : बटण सोडलेलं असताना शून्य, दाबल्यावर साडेचारच्या आसपास. मगच सिंथेसायझरच्या गेट इनपुटला जोडा.

जुने मूग आणि कॉर्गचा एमएस-२० यांची रीत उलटी. तिथे व्होल्टेज द्यायचं नसतं, ट्रिगरची तार जमिनीला टेकवायची असते. त्यांना आपली चिप नको, बटणाच्या दोन तारा पुरतात. असाच एक मूग आपल्या बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी त्यावर केलेली ध्वनिमुद्रणं अनेक वर्षं टेपवरच पडून होती; २०२३ साली ती प्रसिद्ध झाली. जरूर ऐका.

आपल्या चिपमध्ये अजून पाच इन्व्हर्टर रिकामे आहेत. दुसरं बटण कुणाच्या पायाखाली द्यायचं, ते घरात ठरवा.