जुना डेस्कटॉप, ५ हजारांचं बजेट: दुकानाचा कॉम्प्युटर बदलायचा की सुधारायचा?



२०२५ च्या जून महिन्यात शहाद्याला ट्रेनिंग संपल्यावर तळोद्याचा एक तरुण मला भेटला. तहसील कचेरीजवळ त्याचं छोटं दुकान आहे. ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, प्रिंट, पासपोर्ट फोटो अशी कामं करतो. म्हणाला, "सर, नवीन कॉम्प्युटर घ्यायचाय. ४२ हजारांचं कोटेशन आलंय. आई बचत गटातून कर्ज उचलायला तयार आहे. घेऊ का?"

मी विचारलं, "जुन्याला काय झालंय?"

"हँग होतो, सर."

"हँग होतो म्हणजे नेमका कुठे अडकतो?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतं. मशीन स्लो झालं की आपण थेट नव्याचा भाव विचारतो. पण अडचण कुठे आहे हे माहीत नसताना घेतलेलं कर्ज म्हणजे तपासणी न करता केलेलं ऑपरेशन. त्या दिवशी आम्ही काय केलं, ते आज सविस्तर सांगतो. व्हिडिओत वायरी कशा जोडायच्या ते दाखवलंय. इथे पैशाचा हिशोब आणि निर्णय कसा घ्यायचा ते बघू.

पायरी १: आधी वही, मग पाकीट

मी त्याला सांगितलं, एक आठवडा काहीच घेऊ नकोस. वहीत दोनच गोष्टी लिही. कॉम्प्युटरमुळे किती गिऱ्हाईक परत गेले, आणि त्यांचं काम किती रुपयांचं होतं.

जून म्हणजे प्रवेशाचा सीझन. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, कॉलेजचे फॉर्म. धडगाव, अक्कलकुव्याकडून आलेल्या माणसाला परतीची एसटी गाठायची असते. "भाऊ, अजून किती वेळ?" असं दोनदा विचारतो आणि समोरच्या दुकानात जातो.

आठवड्यात २३ गिऱ्हाईक परत गेले. सरासरी काम ६० रुपयांचं. म्हणजे १,३८० रुपये आठवड्याला गेले! हा आकडा हातात आल्यावर कळतं की दुरुस्तीवर किती खर्च परवडतो. तुमच्या दुकानाचा आकडा वेगळा असेल. पण आकडा हवाच.

पायरी २: मशीन नेमकं कुठे अडकतंय?

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जा. रोजचं काम चालू ठेवा, म्हणजे ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब, एक पीडीएफ, प्रिंट. आणि तीन आकडे बघा: सीपीयू, मेमरी, डिस्क.

आता हे तीन आकडे म्हणजे काय? नंदुरबारची मिरची सगळ्यांना माहीत आहे. पथारीवर मिरची वाळत घालतात, माल गोदामात असतो आणि मजूर काम करतात. कॉम्प्युटरमध्ये हार्डडिस्क म्हणजे गोदाम, रॅम म्हणजे पथारी आणि प्रोसेसर म्हणजे मजूर. मजूर कितीही चपळ असू द्या, गोदामातून माल उशिरा आला तर तो बसून राहतो. पथारी लहान असली तर थोडा माल पसरायचा, परत गोदामात टाकायचा, पुन्हा काढायचा, यातच दिवस जातो.

त्याच्या मशीनमध्ये तिसऱ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क होती. सीपीयू ३० टक्क्यांच्या आसपास. मेमरी ९० च्या वर. डिस्क सारखी १००. म्हणजे मजूर रिकामे बसलेत, गोदामाच्या दारात गर्दी आहे आणि पथारीही अपुरी आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवतं. त्यामुळे डिस्क १०० दिसते तेव्हा दोष कधी डिस्कचा असतो, कधी रॅमचा, कधी दोघांचा. मेमरी आणि डिस्क, दोन्ही आकडे सोबत बघितल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. मी स्वतः पूर्वी माझ्या ऑफिसच्या मशीनला नुसती रॅम वाढवली होती. पैसे गेले, फरक शून्य. कारण अडचण डिस्कची होती आणि मी आकडे बघितलेच नव्हते.

पायरी ३: बिनपैशाची कामं

* टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप'मध्ये जा. मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा.
* दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. दोघे एकमेकांच्या पायात येतात.
* सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका. निदान पाचवा हिस्सा रिकामा ठेवा.
* कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने धूळ काढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पंख्यात धूळ अडकली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. साफ करण्याआधी प्लग काढा, आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

एवढ्यानेच तुमचं काम भागलं तर उत्तम. खर्च वाचला!

पायरी ४: खर्चाचा क्रम

भागलं नाही, तर पैसे या क्रमाने लावा.

पहिलं, एसएसडी. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई फाइल शोधत हिंडते. सलग एकच मोठी फाइल वाचायची असेल तर ती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, आणि तिथे तिचा वेग फार पडतो. एसएसडीत फिरणारा भागच नाही, म्हणून शोधायला वेळ लागत नाही.

जुन्या मशीनला २.५ इंची साटा एसएसडी घ्या. छोट्या पट्टीसारखी दिसणारी एम-डॉट-टू घेऊ नका, तिचा स्लॉट जुन्या मदरबोर्डवर बहुधा नसतो. "तुमचा बोर्ड जुना आहे, एसएसडीचा पूर्ण स्पीड मिळणार नाही," असं कोणी सांगेल. खरं आहे. पण अर्धा स्पीड मिळाला तरी जुन्या डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो.

दुसरं, रॅम. कव्हर उघडून आधी डीडीआर-थ्री आहे की डीडीआर-फोर ते बघा. दोघांच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, एकाच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. फॉर्म भरण्याच्या कामाला ८ जीबी पुरते. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम घालून उपयोग नाही. आधी ६४ बिट टाकून घ्या.

तिसरं, वीज. यूपीएसची बॅटरी गेली असेल तर एसएसडीच्या बरोबरीने तिचा विचार करा. फॉर्म सबमिट करताना लाइट गेली की काम तर जातंच, वर पेमेंट अडकतं आणि गिऱ्हाईक आपल्यावर डाफरतं.

त्याचा खर्च असा झाला. एसएसडी १,६५०, रॅम ९५०, यूपीएसची बॅटरी ९५०, थर्मल पेस्ट १५०, साटा केबल १००, मदरबोर्डचा सेल ५०, मजुरी ५००. एकूण ४,३५० रुपये.

हे भाव तेव्हाचे आहेत. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि जगभर रॅम-एसएसडी महागली. म्हणून जुन्या भावावर बजेट धरू नका. दोन-तीन दुकानांत त्या दिवसाचा भाव विचारा, मगच निघा.

माल नंदुरबारला घ्यायचा की सुरतेला?

आपल्याकडून सुरतेला थेट गाडी आहे, त्यामुळे मोह होतो. पण हिशोब पूर्ण करा. ३०० रुपये वाचले, आणि चार महिन्यांनी एसएसडी बिघडली. आता वॉरंटीसाठी परत सुरत. जाणं-येणं आणि दुकान बंद असल्याचा एक दिवस, हे ३०० रुपयांत बसतं का? एकच वस्तू घ्यायची असेल तर जवळच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

विंडोजचं काय?

आता थोडं कटू सांगतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची जादा सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या-चौथ्या जनरेशनची मशीन त्यात अधिकृतपणे बसत नाही. जुगाड करून टाकून देणारे भेटतात, पण ज्या मशीनवर लोकांचे पैसे आणि कागद हाताळता, तिथे मी तो सल्ला देणार नाही.

ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच चालतं त्यांना लिनक्स मिंट हा मोफत पर्याय आहे. मात्र अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर हे त्यावर चालतात का, ते आधी तपासा. एसएसडी लावल्यावर जुनी डिस्क बाजूला ठेवून हा प्रयोग निवांत करता येतो.

म्हणजे ५ हजारांत तुम्ही नवीन कॉम्प्युटर घेत नाही. तुम्ही थोडा वेळ विकत घेता. त्या वेळात पुढच्या मशीनचे पैसे उभे राहिले पाहिजेत. नाही राहिले, तर वर्षभराने तुम्ही पुन्हा तिथेच उभे असाल.

कधी खर्च करायचा नाही?

* मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतील.
* मशीन मध्येच आपोआप बंद पडत असेल आणि कारण सापडत नसेल.
* रोजच्या कामात सीपीयूच सतत १०० टक्के असेल.
* सुधारणेचा खर्च चांगल्या सेकंडहँड, आठव्या जनरेशनच्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल.

यातलं एकही लागू पडलं तर जुन्यावर पैसे घालू नका. सेकंडहँड मशीन वॉरंटीसह शोधा.

जुनी डिस्क: हे विसरू नका

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. आज आपल्याकडच्या कित्येक दुकानांची रोजीरोटी त्याच आधारला जोडलेल्या कामांवर चालते. आणि त्या दुकानांच्या 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये शेकडो लोकांचे आधार, पासबुक, दाखले वर्षानुवर्षं पडून असतात. त्या तरुणाच्या डिस्कमध्येही होते.

जुनी डिस्क भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी ती पूर्ण पुसा. नुसतं डिलीट करून डेटा जात नाही, सोप्या सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. पुसता येत नसेल तर डिस्क देऊ नका, स्वतःजवळ ठेवा. आणि यापुढे काम झालं की गिऱ्हाइकाचे कागद त्याच दिवशी काढून टाकायची सवय लावा. तुमच्यावर विश्वास ठेवून त्याने ते दिलेले असतात.

मग झालं काय?

आधी सुरू व्हायला चार मिनिटं लागायची, आता अर्ध्या मिनिटाच्या आत मशीन तयार असतं. परत जाणारे २३ च्या २३ गिऱ्हाईक थांबले असं मी म्हणणार नाही. सर्व्हर डाऊन असला की एसएसडी काय करणार! निम्मे थांबले असं धरा. आठवड्याला ६९० रुपये. म्हणजे ४,३५० रुपये साधारण साडेसहा आठवड्यांत वसूल. प्रवेशाच्या सीझनमध्येच पैसे फिटले.

आईचं कर्ज घेतलं नाही. त्याऐवजी पोस्टात महिन्याला १,५०० रुपयांची आरडी सुरू केली. पुढचं मशीन त्यातून येईल, घाई न करता, भाव बघून.

आजचा गृहपाठ: उद्या दुकान उघडलं की टास्क मॅनेजर उघडा, तीन आकडे वहीत लिहा आणि त्याखाली परत गेलेल्या गिऱ्हाइकांची नोंद सुरू करा. आठ दिवसांनी ती वही समोर ठेवा आणि मगच दुकानदाराला भाव विचारा.

भेटू पुढच्या भागात.