तो झेल मी पाहिलाच नव्हता!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. उत्तर मात्र अगदी खरं द्यायचं हं! २५ जून १९८३ च्या रात्री कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तेव्हा तुम्ही कुठे होतात? ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनी आपल्या आईला नाहीतर सासूबाईंना विचारावं. “अगं, टीव्हीसमोरच!” असं उत्तर चटकन येईल. पण जरा खोदून विचारलंत, तर बहुतेक घरी निघेल ते एकच. टीव्ही बाहेरच्या खोलीत होता आणि आई आत होती.

माझंही तेच. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही राहत होतो. वाड्यात टीव्ही एकच, तोही मालकांकडे. शनिवारचा दिवस होता. दुपारपासून त्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसं दाटीवाटीने बसलेली. आपल्या संघाचा डाव १८३ धावांत आटोपला तेव्हा निम्मी मंडळी “काही खरं नाही” म्हणत उठून गेली होती. वेस्ट इंडीज म्हणजे तेव्हा १९७५ आणि १९७९ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकलेला संघ. त्यांच्यापुढे १८३ म्हणजे काय? किरकोळच!

रिचर्ड्सने मारायला सुरुवात केली, तेव्हा मी दारात उभी होते. चौकारामागून चौकार. तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, “सूनबाई, पोळ्या व्हायच्यात ना?” जेवणांची वेळ झालीच होती. मी आत गेले. दुसरी पोळी तव्यावर टाकली आणि बाहेर असा काही आरडाओरडा झाला की वाडा हलला! उलथनं हातात तसंच घेऊन मी धावत आले. “काय झालं? काय झालं हो?” मला सांगायला कुणाला फुरसत होती? सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. रिचर्ड्स बाद झाला होता. आत पोळी करपली होती, आणि त्याबद्दल मी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

यात तक्रार करण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. सगळ्याच घरी तसं होतं. पण पुढे गंमत अशी झाली की त्या झेलाची गोष्ट आमच्या घरी दर सणावाराला निघायला लागली. आमचे हे रंगात येऊन सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “विचारा की हिला, हीसुद्धा होती तिथे!” मी मान डोलवायची. आधी मुलांपुढे डोलवली, मग नातवंडांपुढे. चाळीस वर्षं मी न पाहिलेल्या झेलाची साक्षीदार होते!

रेडिओ तरी बरा होता!

तुम्हाला आठवतं का, माहेरी रेडिओ होता तेव्हा असं होत नसे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठीतलं धावतं वर्णन लागलं की आई भाजी निवडता निवडता ऐकायची. १९७१ साली अजित वाडेकरच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवलं, १९७५ साली आपण क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ असं हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, तेव्हाच्या गोष्टी आईला बाबांइतक्याच ठाऊक होत्या. ट्रान्झिस्टर ओट्यावरही ठेवता यायचा. कानांनी ऐकायचं आणि हातांनी काम करायचं. टीव्ही आला आणि सामना बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. तो पाहायचा तर समोर ठाण मांडून बसावं लागतं. आणि नेमकं तेच, बसणं, आपल्या वाट्याला कधी यायचं?

म्हणूनच सांगते, जुन्या सामन्यांच्या ज्या चित्रफिती हल्ली घरबसल्या पाहायला मिळतात, त्या पुरुषांसाठी आठवणींचा उजाळा असतील. आपल्यापैकी कितीजणींसाठी मात्र तो सामना पहिल्यांदाच पाहणं असतं!

अखेर पाहिला

गेल्या वर्षी मुलगी माहेरपणाला आली होती. तिने टीव्हीवर १९८३ चा अंतिम सामना शोधून दिला आणि ती बाहेर गेली. दुपारची वेळ, घरात मी एकटीच. गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि चक्क खुर्चीत टेकून बसले.

काय सांगू तुम्हाला! मला वाटायचं, सामना म्हणजे तो एक झेल. पण त्याच्याआधी केवढं घडून गेलं होतं! आपले नऊ गडी १६१ वर बाद झाले होते. त्यानंतर किरमाणी आणि आपल्या मुंबईच्या बलविंदरसिंग संधूने २२ धावा जोडल्या. मार्शलचा चेंडू संधूच्या हेल्मेटवर आदळला, तरी पठ्ठ्या उभाच! सामना आपण ४३ धावांनी जिंकलो, तेव्हा त्या २२ धावांचं मोल काय ते तुम्हीच ठरवा. आणि मग त्याच संधूचा तो चेंडू. ग्रिनिजने सोडून द्यायचा म्हणून बॅट वर उचलली आणि चेंडू आत वळून थेट यष्टीवर. वेस्ट इंडीज १ बाद ५!

मग रिचर्ड्स. २८ चेंडूंत ३३ धावा, त्यात सात चौकार. मदनलालचा चेंडू त्याने उंच मारला. आता झेल येणार म्हणून मी पुढे सरकून बसले, आणि नेमके तेव्हाच आमचे हे फिरून घरी आले. “अगं, काय पाहतेस?” असं म्हणत शेजारी बसले. पडद्यावर कपिल मिडविकेटकडून मागे धावत सुटला. पाठ खेळाकडे, नजर खांद्यावरून वर. ना उडी, ना लोळण. धावता धावता तो चेंडू त्याने असा अलगद घेतला, जसं आपण पडणारं पातेलं सावरतो. तीन बाद ५७.

मी यांना म्हटलं, “अहो, एक सांगू? हा झेल मी आज पहिल्यांदा पाहिला.”

“काहीतरीच! तू तर दारातच होतीस.”

“नव्हते. मी पोळ्या करत होते.”

हे काही बोलले नाहीत. जरा वेळाने उठले आणि म्हणाले, “चहा मी टाकतो. तू बस.” स्वयंपाकघरातून साखरेचा डबा कुठे आहे अशी दोनदा विचारणा झाली, ते सोडा! पण मग आतून आवाज आला, “अगं, थांबव ना ते जरा! मी आल्यावर लाव.” मी बटण दाबलं. कपिल, मदनलाल, लॉर्ड्सचं मैदान, सगळं जागच्या जागी थांबलं. चहा आला आणि मग सामना पुढे सुरू झाला. १९८३ साली माझ्यासाठी सामना थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. आता आहे.

पाहायचं तर कसं पाहाल?

आता थोडं उपयोगाचं. तुमच्या टीव्हीवर यूट्यूब असेल, तर रिमोटवरचं माइकचं बटण दाबून नुसतं सामन्याचं नाव आणि साल बोला. लिहीत बसायला नको. नसेल तर मोबाइलवर पाहा, पण कानात इअरफोन घाला. समालोचन नीट ऐकू येतं आणि “ही काय पाहत बसली” असं कुणी विचारत नाही!

दुसरं असं, की संक्षिप्त चित्रफितीत चौकार आणि बळी तेवढे ठेवतात. मधला जीव टांगणीला लागलेला वेळ कापलेला असतो. म्हणून धावफलक शेजारी ठेवा. १९८३ चाच पाहा ना. वेस्ट इंडीज ६ बाद ७६ होते आणि मग दुजाँ आणि मार्शलने ४३ धावा जोडल्या. तेव्हा बाहेरच्या खोलीत पुन्हा शांतता पसरली होती, ती मला आतही कळली होती. शेवटी मोहिंदर अमरनाथने दोघांना बाद केलं आणि १४० वर खेळ संपला. हे सगळं धावफलक सांगतो.

वेळ अगदी थोडा असेल, तर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधली पी. टी. उषाची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत पाहा. मिनिटभराचा खेळ. तिची वेळ ५५.४२ सेकंद, तिसरी आली तिची ५५.४१. डोळ्यांना फरक दिसतच नाही, आणि पदक गेलं!

दुपार मोकळी असेल, तर आपल्या मुलींचे सामने पाहा. मात्र क्रमाने. आधी २०१७ चा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना. मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या, ३ बाद १९१ पर्यंत सारं आपल्या हातात होतं, आणि २८ धावांत सात गडी गेले. नऊ धावांनी हरलो. मग ३० ऑक्टोबर २०२५ चा उपांत्य सामना. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७. आणि शेवटी २ नोव्हेंबरची नवी मुंबईची रात्र. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय, आणि शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीतच्याच हातात. २०१७ चा पराभव आधी पाहिलात, तर हा झेल पाहताना डोळ्यांत पाणी का येतं ते वेगळं सांगायला नको.

आणि हो, एक गोष्ट मात्र कुठेही सापडणार नाही. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध पाच बाद १७ अशी दैना झाल्यावर कपिलने नाबाद १७५ धावा काढल्या. त्या दिवशी तिथे टीव्हीचे कॅमेरेच नव्हते. आपल्याला पाहायला मिळते ती सिनेमातली नक्कल. जे पाहणारे तिथे हजर होते, त्यांनी सांगितलं तेवढंच उरलं.

म्हणून जाता जाता एक विनंती. या रविवारी आईला, सासूबाईंना शेजारी बसवा. त्यांच्या वेळचा एखादा सामना लावा आणि विचारा, “तेव्हा तुम्ही काय करत होतात?” त्या आतून पोळ्यांचा वास आणि बाहेरचा आरडाओरडा सांगतील. त्याची चित्रफीत कुठेच नाही. आणि हो, चहा कुणी करायचा ते मात्र आधी ठरवून ठेवा!