गुरुजींची निवृत्ती आणि गावाचे दप्तर

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे धानशेतीचे आणि हातमागाचे गाव. अशा गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षकाचे आयुष्य त्याच्या सेवापुस्तकातून समजत नाही. कारण नेमणूक, बदल्या, वेतनवाढी आणि रजा यांची ही सरकारी नोंदवही वयाच्या ५८ व्या वर्षी बंद होते, आणि गावाच्या लेखी गुरुजींचे काम त्यानंतरही चालूच राहते. हे काम कोणत्या आधारावर उभे आहे आणि तो आधार पुढे टिकेल काय, हा या लेखाचा विषय आहे.

भंडारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळा १९४८ नंतर जनपद सभांकडे, म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील तालुका पातळीवरील स्थानिक संस्थांकडे होत्या. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर शाळा त्यांच्याकडे गेल्या. कारभारी बदलत गेले, तरी हजेरीपटावरची घराणी बहुतांशी तीच राहिली.

या घराण्यांची ओळख गुरुजींना वर्गापेक्षा वर्गाबाहेर अधिक झाली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, मोहफुले वेचण्याच्या हंगामात किंवा घरच्या मागासाठी कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायला, मुले घरी थांबत आणि त्यांना आणण्यासाठी शिक्षकाला उंबरठ्यापर्यंत जावे लागे. त्यात जनगणना, मतदारयाद्या, पल्स पोलिओ आणि १९९५ पासून शालेय पोषण आहाराचा हिशेब यांची भर पडली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अशी कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली. ही मनाई योग्यच आहे, कारण त्या कामांची किंमत वर्गातील मुलांनी मोजली. परंतु त्याच पायपिटीतून गावातील प्रत्येक घर ओळखणारा माणूस तयार झाला, हेही तितकेच खरे आहे.

या ओळखीचा सर्वाधिक उपयोग दाखलखारीज रजिस्टरच्या बाबतीत होतो. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा दिवस यांची ही कायमस्वरूपी नोंदवही जुन्या शाळेत कापडी बस्त्यात बांधलेली असे, आणि जन्माची नोंदच नसलेल्या मुलाची तारीख गुरुजी अंदाजाने १ जुलै लिहीत, म्हणून एका पिढीतील असंख्य माणसांचा वाढदिवस त्या एकाच दिवशी येतो. इतर मागासवर्गाच्या जातप्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि अनेक कुटुंबांकडे आजोबांच्या शाळेतील त्या एका ओळीखेरीज दुसरा कागद नसतो. आजोबांचे नाव शाळेत वेगळे आणि घरी वेगळे होते, आडनाव नंतर लागले, पहिली दुसऱ्या गावच्या शाळेत झाली, अशा गाठी कारकुनाला सुटत नाहीत. त्या सोडवायला नातू निवृत्त गुरुजींच्या ओसरीवर येतो. निराधार अनुदानाचा अर्ज, वारसाची फेरफार नोंद, बँकेतील अंगठ्याच्या जागी सही, यांसाठीही तोच उंबरठा असतो, आणि याचा मोबदला कोणी मागत नाही.

या वृत्तीला विदर्भात एक परंपरा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून उभारलेल्या गुरुदेव सेवा मंडळाने सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई गावोगाव नेली. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, भरणारी मंडई, म्हणजे दंडार हे लोकनाट्य आणि नाटके यांसह होणारी गावजत्रा, हीसुद्धा वर्गणी आणि हिशेब यांवरच उभी राहते, आणि हिशेबाची वही गुरुजींसारख्या विश्वासू माणसाच्या हातीच द्यावी लागते.

तथापि, ही निःस्वार्थ सेवा केवळ स्वभावावर उभी नाही. तिच्याखाली निवृत्तिवेतन आहे. दरमहा ठरलेली रक्कम मिळणाऱ्यालाच आपला दिवस गावाला देता येतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही; वेतनातील अंशदानातून साचलेली आणि बाजारात गुंतवलेली रक्कम हाच त्यांचा आधार ठरला. याच प्रश्नावर १४ मार्च २०२३ पासून राज्यातील कर्मचारी संपावर गेले आणि २०२४ मध्ये शासनाने सुधारित योजनेचा पर्याय दिला. २००५ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागलेला शिक्षक २०३८ च्या सुमारास निवृत्त होईल, आणि त्याने गावाच्या कामाला बसावे की पोटासाठी दुसरे काम धरावे, हे त्याच्या हाती येणाऱ्या रकमेवर ठरेल.

दरम्यान, जुलै २०२३ मध्ये शासनाने रिक्त जागांवर ७० वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय घेतला. नेमणुकीची वाट पाहणाऱ्या डी.एड., बी.एड. तरुणांचा त्यावरील रोष रास्त होता. वर्गात नव्या शिक्षकाचीच जागा आहे. जुन्या गुरुजींकडून घ्यायचे ते वेगळेच आहे. आंधळगावासारख्या गावांतील ग्रामपंचायतींनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत निवृत्त शिक्षकांना जुन्या दाखलखारीज रजिस्टरांसमोर बसवावे, नावांच्या आणि घराण्यांच्या गाठी त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात आणि त्या वह्यांची छायाप्रत शाळेत जतन करावी. या कामाला फारसा निधी लागत नाही, मात्र ते गुरुजींच्या हयातीतच व्हायला हवे.