हात मोकळे, पाय कामाला!

मोठा मासा गळाला लागला की काय धांदल उडते, ठाऊक आहे? एका हाताने काठी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने दोरी गुंडाळणारी चकरी फिरवायची, आणि मासा जवळ आला की त्याच्याखाली जाळी सरकवायची. फेकजाळं, म्हणजे कोकणातला पाग, टाकायचा असेल तर दोन्ही हात लागतातच, वर कमरेतून झोकही द्यावा लागतो. आता सांगा, एवढ्या वेळात वल्हं कोण मारणार? सुकाणू कोण धरणार?

होडीत दोघं असले तर प्रश्नच नाही. पण नदीत, तळ्यात, धरणाच्या पाण्यात पुष्कळ माणसं एकटीच मासे धरायला जातात. त्यांनी वल्हं खाली ठेवलं की वारा होडीला हवं तिकडे घेऊन जातो. मासे एकीकडे, होडी दुसरीकडे!

या कोड्याचं एक झकास उत्तर म्यानमार देशात सापडतं. तिथे शान राज्याच्या डोंगरांमध्ये, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९०० मीटर उंचीवर इन्ले नावाचं तळं आहे. इंथा लोक त्या तळ्यात खांब रोवून त्यांवर घरं बांधतात, पाण्यावर तरंगणाऱ्या वाफ्यांत टोमॅटो पिकवतात, आणि मासे धरतात. कसे धरतात ते बघा. मासेमार होडीच्या टोकाशी एका पायावर उभा राहतो. दुसरा पाय तो उंच वल्ह्याभोवती गुंडाळतो आणि त्या पायानेच वल्हं मारतो! हात दोन्ही मोकळे. त्या हातांत असतो उंच शंकूसारखा बांबूचा सापळा, आत जाळं लावलेलं. तळं उथळ असल्याने सापळा थेट तळाला टेकतो. मग वरून काठीने ढोसायचं, की घाबरलेले मासे उसळून जाळ्यात शिरतात.

पण उभं राहून का? बसूनही पाय हलवता आले असते की! त्याचं कारण तळ्यातच आहे. इन्लेत बोरू, वेली आणि तरंगणारी झुडपं इतकी दाट असतात, की बसलेल्या माणसाला पुढची वाट दिसत नाही. उभं राहिलं की वाटही दिसते आणि पाण्यातली हालचालही. शिवाय वल्हं टोकाशी असल्यामुळे त्याचं पातं थोडं तिरकं केलं की होडी वळते. म्हणजे एकच पाय होडी चालवतोही आणि वळवतोही. हात न लावता होडी वळवायची ही युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात एकही यंत्र नाही.

मात्र ती शिकायला लहानपणापासून सराव हवा, तोल हवा. आपण असं करू या, की एका माणसाला बसल्या बसल्या दोन्ही पायांनी चालवता येईल, आणि वळवायला हात लागणार नाहीत, अशी होडी कागदावर आखू या. समजा ती उजनीसारख्या मोठ्या जलाशयात चालवायची आहे. घ्या वही-पेन्सिल.

सगळ्यात आधी इंजिन बघू. आपलं इंजिन म्हणजे माणसाचे पाय. मांड्यांचे स्नायू दंडाच्या स्नायूंपेक्षा कितीतरी मोठे, म्हणून पायांनी जास्त वेळ, जास्त जोर लावता येतो. धडधाकट मोठा माणूस न थकता, बराच वेळ पायडल मारत साधारण ७५ ते १०० वॉट शक्ती देऊ शकतो. तुमच्या घरातला छताचा साधा पंखा साधारण तेवढीच वीज घेतो. म्हणजे एका पंख्याच्या जोरावर आपल्याला माणूस, होडी, जाळी आणि (नशिबात असले तर) पाटीभर मासे, सगळं ओढायचं आहे!

पाणीही काही गुपचूप वाट देत नाही. बादलीत पळी आडवी धरून हळू ओढा, मग दुप्पट वेगाने ओढा. हाताला लगेच कळेल. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ आठपट. म्हणून पायडलची होडी मोटरबोटीशी शर्यत लावायच्या भानगडीत पडत नाही. माणसाच्या चालण्याएवढा किंवा त्याहून थोडा जास्त वेग मिळाला की मासेमारीला तो पुरतो.

तरी हौशी माणसं गप्प बसतात होय? अमेरिकेत एमआयटी या संस्थेतल्या मंडळींनी ‘डेकाव्हिटेटर’ नावाची पायडलची नौका बनवली. २७ ऑक्टोबर १९९१ रोजी बॉस्टनच्या चार्ल्स नदीत मार्क ड्रेला यांनी ती १८.५ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने पळवली! तिच्याखाली पाण्यात पंख होते. वेग आला की त्या पंखांवर नौका पाण्याबाहेर उचलली जायची, मग पाण्याचा विरोध फारच थोडा उरायचा. पण वेग कमी झाला की ती पुन्हा पाण्यात टेकणार. मासेमाराला तर सारखं थांबावं लागतं. त्यामुळे तिला सलाम करून आपण आपल्या होडीकडे परत येऊ.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात पायडलची बोट चालवली आहे? पाय दुखून येतात आणि बोट मात्र डुलत डुलत जाते. त्या बोटींमध्ये बहुतेक वेळा रुंद फळ्यांचं चाक असतं. फळी पाण्यात शिरताना पाणी खाली दाबते, बाहेर येताना पाणी वर उचलते, आणि मधल्या थोड्या वेळातच ते नीट मागे ढकलते. बरीच मेहनत पाणी वर-खाली करण्यात जाते. कल्पना मात्र फार जुनी आहे. चीनमध्ये जवळजवळ ९०० वर्षांपूर्वी पायांनी फिरवायच्या चाकांची लढाऊ जहाजं होती.

चाक बरं की पाण्याखाली फिरणारा पंखा, याचा एक गमतीदार सामना १८४५ साली ब्रिटिश आरमाराने लावला. ‘रॅटलर’ या जहाजाला पाण्याखालचा पंखा होता, ‘अलेक्टो’ला बाजूंना चाकं. दोन्ही जहाजं पाठीला पाठ लावून दोराने बांधली आणि म्हटलं, ओढा! रॅटलरने अलेक्टोला चक्क मागे फरफटत नेलं. खरं सांगायचं तर रॅटलरचं इंजिन त्या वेळी जास्त जोर लावत होतं, त्यामुळे सामना अगदी सारखा नव्हता. पण लोकांच्या मनात पंखा जिंकला तो कायमचाच.

आपल्या होडीलाही पंखाच लावू. केवढा लावायचा? इथे एक छोटं गणित आहे आणि ते मला जादूसारखं वाटतं. होडी पुढे जाते कारण पंखा पाणी मागे ढकलतो. समजा तो दर सेकंदाला १० किलो पाणी, सेकंदाला १ मीटर वेगाने मागे ढकलतो. किंवा १ किलो पाणीच ढकलतो, पण १० मीटर वेगाने. दोन्ही वेळा होडीला मिळणारा रेटा सारखाच! पण त्या पाण्याला वेग द्यायला पहिल्या वेळी दर सेकंदाला ५ ज्यूल ऊर्जा जाते आणि दुसऱ्या वेळी ५०. दहापट! म्हणून पाय वाचवायचे असतील तर मोठा पंखा सावकाश फिरवायचा आणि भरपूर पाणी अलगद ढकलायचं. अर्थात फार मोठा केला तर तो उथळ पाण्यात तळाला घासेल.

सावकाश म्हणजे तरी पायांपेक्षा भरभरच हं. आपण मिनिटाला ५०-६० वेळा आरामात पायडल मारतो, आणि बाजारातल्या पायडलच्या मासेमारी होड्यांत दातेरी चाकं लावून पंखा त्याच्या साधारण दहापट फिरवतात. पायडलचा आस आडवा आणि पंख्याचा आस होडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे फिरण्याची दिशाही काटकोनात बदलावी लागते. ते काम तिरक्या दातांची दोन चाकं करतात. काही हौशी कारागीर तर सायकलची साखळीच पीळ देऊन बसवतात आणि तेच काम करून घेतात.

पंख्याला एक शत्रू आहे, पाणवनस्पती. त्या पात्यांना गुंडाळतात. कॅलिफोर्नियातल्या ‘होबी’ कंपनीने १९९७ साली वेगळाच मार्ग काढला. त्यांच्या होडीखाली दोन लवचीक पर असतात. पायडल आळीपाळीने पुढे दाबलं की ते पर पेंग्विनच्या पंखांसारखे डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखे हलतात आणि होडी पुढे सरकते. थांबताना पर होडीच्या बुडाला चिकटवून ठेवता येतात, मग उथळ पाण्यातूनही जाता येतं.

आता होडीचा आकार. लांब आणि चिंचोळी होडी पाणी सहज कापते. पण मासेमार एका बाजूला वाकून मासा वर घेणार, तेव्हा चिंचोळी होडी कलंडेल. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर होडीचा कलंडायला होणारा विरोध साधारण आठपट होतो, पण मग ती पाण्यात जड चालते. कोकणातल्या मासेमारांनी यावर उत्तर काढलंय. अरुंद होडीच्या बाजूला दोन आडव्या दांड्यांनी एक लाकडाचा ओंडका जोडायचा. त्याला उलांडी म्हणतात. होडी चिंचोळीच राहते आणि तोलही सांभाळला जातो. आपल्या वहीतल्या होडीला मी उलांडी जोडणार. (आणि माणसाला जीवरक्षक जाकीट. ते चित्रातही विसरू नका.)

आता खरी गंमत. हात न लावता वळायचं कसं?

आधी सुकाणू काय करतं ते बघा. सुकाणूचं पातं डावीकडे वळवलं की त्यावर आपटणारं पाणी होडीची मागची बाजू उजवीकडे ढकलतं. त्यामुळे होडीचं नाक डावीकडे फिरतं. म्हणजे आपण नाक वळवत नाही, शेपूट सरकवतो! पण पाणी पात्यावरून वाहत असेल तरच हे घडतं. होडी थांबली की सुकाणू मुकं. म्हणून ते पंख्याच्या बरोबर मागे बसवायचं. होडी थांबलेली असली तरी पायडल मारताच पंख्याचा झोत थेट पात्यावर येतो आणि होडी जवळजवळ जागच्या जागी वळू लागते.

पातं हलवणार कोण? पाय पायडलवर अडकलेले. मग उरलं काय? कंबर! बसायची बैठक थोडी फिरती करू आणि तिच्यापासून दोन दोऱ्या सुकाणूपर्यंत नेऊ. कंबर डावीकडे वळवली, होडी डावीकडे. झालं की!

नाही झालं. पायडल मारताना पाठीने आपण बैठक मागे रेटत असतो, एकदा उजव्या पायाने, एकदा डाव्या. बैठक सैल असेल तर ती प्रत्येक पायडलला डावी-उजवी होणार आणि होडी सापासारखी नागमोडी जाणार. म्हणून बैठकीच्या बिजागरीत मुद्दाम घर्षण हवं. हलके रेटे बसले तर ती हलू नये, आणि मुद्दाम कंबर फिरवली तरच वळावी. दुसरं संकट त्याहून मोठं. मासा ओढताना माणूस बाजूला वाकला तर? होडी भलतीकडेच वळेल. त्यासाठी बैठकीला एक खुंटी, ती घातली की सुकाणू सरळ राहून बैठक पक्की.

माझं मत विचाराल तर होडीला मुळातच सरळ जायची सवय लावणं सगळ्यात चांगलं. मागच्या बाजूला बुडाखाली एक उभं, पक्कं पातं बसवलं, की वारा असला तरी होडीचं नाक इकडे-तिकडे भटकत नाही. एकच पंखा असल्यामुळे होडीला एका बाजूला ओढ बसते, ती सुकाणू किंचित तिरकं ठेवून मारून टाकायची. मग वळण घ्यायचं तेव्हाच फक्त कंबरेला काम.

हल्ली काही मासेमारी होड्यांत उपग्रहांकडून आपली जागा ओळखणारी छोटी विजेची मोटर असते. ती होडीला वाऱ्यातही एकाच जागी धरून ठेवते. आपल्या वहीतल्या होडीसाठीही एक चुंबकसूची, छोटी मोटर आणि बॅटरी जोडून दिशा धरणारं सुकाणू बनवता येईल, पण खारं पाणी आणि ओली जाळी यांच्याशी त्या तारांचं पटायला हवं. जलाशयातलं पाणी गोडं आहे, एवढं आपलं नशीब.

आता हे सगळं करून बघा. दुधाच्या रिकाम्या खोक्याची होडी करा. मागे रबर पिळून फिरणारा पुठ्ठ्याचा पंखा लावा, आणि पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्याचं सुकाणू. टबात सोडा. पहिल्यांदा सुकाणू पंख्याच्या लगेच मागे ठेवा, दुसऱ्यांदा दूर बाजूला. दोन्ही वेळा पातं सारखंच तिरकं, रबराला पीळ सारखाच. कोणती होडी आधी वळते, ते बघा.

मग रबर उलटा पिळा. मासा झाडाच्या मुळांकडे ओढू लागला तर मासेमाराला होडी मागे घ्यावी लागते ना! मागे जाताना पंख्याचा झोत सुकाणूवर पडत नाही, तो पुढच्या बाजूला जातो. सुकाणूही उलटं वागतं. मग होडी मागे जाताना वळवायची कशी, तेही हात न लावता? वहीतलं ते पान मी तुमच्यासाठी रिकामं ठेवलंय.