हैदराबाद पोलीस कारवाई आणि अंबड परिसर

हैदराबाद पोलीस कारवाई (लष्करी सांकेतिक नाव: ऑपरेशन पोलो) ही १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानाविरुद्ध केलेली मोहीम होय. या मोहिमेनंतर संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. आज जालना जिल्ह्यात असलेला अंबड तालुका तेव्हा संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. प्रस्तुत लेखात या मोहिमेकडे आधुनिक युद्धाचे एक उदाहरण म्हणून पाहिले आहे. ती का झाली, कशी लढली गेली, तिच्यामागून काय आले आणि हे सारे आपल्याला कोणत्या साधनांतून कळते, हे त्याचे विषय आहेत.

अंबड परिसराला युद्धे नवी नव्हती. गोदावरीच्या दक्षिण तीरावर, शहागडपासून जवळच, राक्षसभुवन येथे ऑगस्ट १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. सध्याच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. या दोन्ही लढायांचा निकाल एका दिवसात, एका मैदानावर लागला. १९४८ ची मोहीम पाच दिवस चालली, पण तिची कारणे समजण्यासाठी किमान दहा वर्षे मागे आणि परिणाम समजण्यासाठी बरीच दशके पुढे जावे लागते.

पार्श्वभूमी आणि कारणे

सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. त्यांच्या संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस मैल आणि लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेनुसार दीड कोटीहून अधिक होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड या तीन भाषांचे प्रदेश त्यात होते, परंतु राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ (१९१८) उर्दू माध्यमाचे होते. सुमारे साठ टक्के जमीन सरकारी दिवाणी महसुलाखाली येई. उरलेली जहागीरदारांकडे किंवा ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी उत्पन्नाखाली असे. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतील शेतकरी दोन वेगळ्या सत्तांना सारा भरत असत. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या परिपत्रकामुळे साधी सभा घेण्यासही परवानगी लागे.

राजकीय चळवळीला बंदी असल्याने ती प्रथम सांस्कृतिक रूपात उभी राहिली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना झाली, तिच्यावर लगेच बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. या लढ्याचे नेतृत्व पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे आले. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, अनंत भालेराव ही मराठवाड्यातील त्यांच्या सहकाऱ्यांपैकी काही नावे. दुसऱ्या बाजूला मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ पासून कार्यरत होती. बहादूर यार जंग यांच्या मृत्यूनंतर (१९४४) तिची सूत्रे लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती गेली आणि तिच्या ‘रझाकार’ या स्वयंसेवक दलाला निमलष्करी रूप आले.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढून भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही संघराज्यात सामील न होण्याचा इरादा जाहीर केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व संस्थान यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. दोन्ही बाजूंनी तो मोडल्याचे आरोप परस्परांवर केले. भारताचा आक्षेप रझाकारांचे अत्याचार, पाकिस्तानला दिलेले कर्ज आणि सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकामार्फत विमानाने आणली जाणारी शस्त्रे यांवर होता. संस्थानाची तक्रार भारताने केलेल्या आर्थिक नाकेबंदीबद्दल होती.

कारणांची चर्चा करताना अभ्यासकांचे दोन कल दिसतात. एक गट दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातील वाटाघाटींना महत्त्व देतो. त्याच्या मांडणीत सरदार पटेल, व्ही. पी. मेनन, कन्हैयालाल मुन्शी, मीर लायक अली ही पात्रे असतात आणि युद्ध हे वाटाघाटी फिसकटल्याचे फलित ठरते. दुसरा गट खेड्याकडून पाहतो: जमिनीची विषमता, सक्तीची वर्गणी, सीमेवरील सशस्त्र प्रतिकार, तेलंगणातील कम्युनिस्टांचा लढा. दुसरी दृष्टी अंबडसारख्या तालुक्याला अधिक जवळची आहे. पण खेड्यातील असंतोष दहा वर्षे होता, सैन्य मात्र सप्टेंबर १९४८ मध्येच का निघाले, याचे उत्तर पहिल्या दृष्टीशिवाय मिळत नाही.

१९४८ चा पहिला अर्धा भाग मराठवाड्यात घोषित नसलेल्या युद्धाचाच होता. संस्थानाच्या हद्दीबाहेर मनमाड, बार्शी, उमरखेड आदी ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. तेथून करोडगिरी नाक्यांवर व पोलीस ठाण्यांवर हल्ले होत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर घातलेला छापा या काळातील सर्वांत प्रसिद्ध घटना होय. गावोगावी रझाकार चंदा मागत. तो मिळाला तर गाव तूर्त सुटे, नाही तर लूट, जाळपोळ आणि खून होत. हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून मुंबई प्रांतात व वऱ्हाडात गेली. रझाकारांवर टीका करणारे ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. या संघर्षाचे चित्र निव्वळ धर्माच्या रेषेवर काढता येत नाही, याचा हा एक पुरावा आहे.

मोहीम

ऑगस्टमध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे धाव घेतली. ११ सप्टेंबरला महंमद अली जिना यांचे निधन झाले आणि १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्याने सरहद्द ओलांडली. मोहिमेचे प्रमुख दक्षिण विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी होते. मुख्य आघाडी सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या, तर पूर्वेची आघाडी विजयवाड्याकडून मेजर जनरल ए. ए. रुद्र यांच्या नेतृत्वाखाली निघाली. कारवाईला ‘पोलीस’ हे विशेषण जाणीवपूर्वक लावले गेले. परराष्ट्राशी युद्ध म्हटले असते तर सुरक्षा समितीला हस्तक्षेपाचा आधार मिळाला असता, अंतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न म्हटल्यास तो मिळत नव्हता. रणगाडे आणि विमाने वापरलेल्या मोहिमेला हे नाव शोभत नाही, हे तेव्हाही अनेकांच्या लक्षात आले होते. तरी मराठवाड्यातील बोलीत ‘पोलीस ॲक्शन’ हाच शब्द रुळला.

संस्थानाचे नियमित सैन्य सुमारे बावीस हजार होते व त्याचे प्रमुख मेजर जनरल सय्यद अहमद अल इद्रूस होते. रझाकारांच्या संख्येचे अंदाज दोन लाखांपर्यंत जातात, परंतु त्यांतील बहुतेकांकडे भाले, तलवारी आणि ठासणीच्या बंदुका होत्या. पहिल्याच दिवशी सोलापूर–हैदराबाद मार्गावरील नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात आल्याने मुख्य आघाडीचा वेग टिकला.

अंबड परिसराच्या दृष्टीने महत्त्वाची हालचाल वायव्येकडील होती. मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या अधिपत्याखालील तुकड्यांनी औरंगाबादवर अनेक बाजूंनी चाल केली. तेथील मुलकी प्रशासनाने शरणागती पत्करली. जालन्यात मात्र असे सरळ घडले नाही. तिसरी शीख पलटण, दुसऱ्या जोधपूर पायदळाची एक कंपनी आणि अठराव्या कॅव्हलरीचे काही रणगाडे यांना तेथे चिवट प्रतिकाराला तोंड द्यावे लागले. त्यानंतर गुरखा सैनिकांची एक कंपनी जालन्यात ठेवून उरलेले दल लातूर व मोमिनाबादकडे (आजचे अंबाजोगाई) वळले. जालना हे काचीगुडा–मनमाड लोहमार्गावरील स्थानक व कापसाची बाजारपेठ होते. तेथून अंबडवरून शहागडला गोदावरी ओलांडून बीडकडे वाट जाते. जालना हाती असणे म्हणजे गोदावरीच्या उत्तरेकडील या साऱ्या पट्ट्याचे तोंड हाती असणे, हे नकाशा पाहिल्यास लगेच कळते.

१७ सप्टेंबरला लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व निजामाने सायंकाळी युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी अल इद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. मेनन यांनी मृतांचा एकूण आकडा आठशेच्या थोडा वर दिला आहे.

कारवाईनंतरची हिंसा

हा आकडा रणभूमीवरचा आहे. मोहिमेच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. त्यांच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या पथकाने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत प्रवास केला व १०९ गावांतील पाचशेहून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या. पथकाचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाली होती. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार माणसे मारली गेल्याचे अहवाल सांगतो. अंबड याच औरंगाबाद जिल्ह्यात होते, परंतु या आकड्याची तालुकावार फोड त्यात नाही.

अहवालात रझाकारांच्या अत्याचारांचे वर्णन आहे आणि काही ठिकाणी लष्कर व पोलिसांच्या माणसांनी लुटीत भाग घेतल्याचा आरोपही आहे. ज्या हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना आसरा दिला त्यांचाही उल्लेख येतो. विशेषतः विणकरांमध्ये व्यवसायबंधुत्व धर्मापेक्षा बळकट ठरल्याची नोंद लक्षणीय आहे. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, तो अनेक दशकांनी अभ्यासकांच्या हाती आला. आकड्यांवर मतभेद आहेत. तीन आठवड्यांच्या दौऱ्यात मोजणी शक्य नव्हती, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र आकडा कमी-जास्त झाल्याने घटना घडल्याच नाहीत असे होत नाही. तसेच त्या घडल्या म्हणून आधीच्या दीड वर्षातील रझाकारी अत्याचार सौम्यही ठरत नाहीत. शालेय पाठ्यपुस्तके बहुधा एक बाजू सांगून थांबतात.

राजकीय व सामाजिक परिणाम

जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करण्याचा कायदा झाला व १९५० मध्ये कूळकायदा आला. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे भाषावार विभाजन होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला व अंबड त्यात समाविष्ट झाले. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

यांपैकी एक परिणाम कमी चर्चिला जातो, तो दप्तराचा. निजामकाळातील महसूल, जनगणना व शिक्षणविषयक कागद उर्दू, फारसी आणि मोडीत होते. संस्थान तीन राज्यांत वाटले गेल्यावर त्यांतील बराच भाग हैदराबादेतच राहिला. उर्दू वाचणारे तलाठी आणि कारकून एका पिढीत निवृत्त झाले. हा प्रश्न अभिलेखागारापुरता वाटत होता, तोवर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातीलच आंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे प्रमाणपत्रे देण्याविषयी शासन निर्णय काढला. इतर मागास वर्गातील संघटनांनी त्याला विरोध केला. आरक्षणाबाबत कोणाचेही मत काहीही असो, पंचाहत्तर वर्षांपूर्वी बंद झालेल्या राज्याच्या जुन्या नोंदींवर आज या तालुक्यातील विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून आहेत, ही वस्तुस्थिती आहे.

अभ्यासाची साधने

मोहिमेवरील बहुतेक प्रमुख पुस्तके तिच्यात सहभागी असलेल्यांनीच लिहिली आहेत. मेनन आणि मुन्शी दिल्लीची बाजू मांडतात, तर लायक अली व अल इद्रूस हैदराबादची. लष्करी हालचालींसाठी संरक्षण मंत्रालयाने प्रसिद्ध केलेला इतिहास उपयुक्त आहे, पण गावात काय झाले हे त्यात शोधू नये. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ चळवळीच्या आतून लिहिलेले आहेत. भालेरावांचे पुस्तक मराठी वाचकाने प्रथम वाचावे. त्यानंतर सुंदरलाल अहवाल वाचल्यास दोहोंतील अंतर स्वतःच पारखता येते.

तालुका पातळीवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी छापील साहित्य अपुरे पडते. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज, पोलीस ठाण्यांतील जुनी दप्तरे, शाळांचे प्रवेश-निर्गम नोंदवही, मशिदी व कब्रस्तानांच्या नोंदी ही साधने फारशी वापरली गेलेली नाहीत. १९४८ मध्ये दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. मौखिक इतिहासात साल चुकते, अफवा आठवण म्हणून सांगितली जाते. मात्र कोणत्या रात्री गाव सोडले, कोणत्या वाटेने गोदावरी ओलांडली, घर कोणी सांभाळले, हे तपशील कोणत्याही सरकारी कागदात नाहीत.