उत्तरवाहिनी नद्यांचा कार्बन: एक मागोवा

जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का पाणी आर्क्टिक महासागरात आहे. नद्या समुद्रात जे गोडे पाणी आणून सोडतात, त्यातले मात्र १० टक्क्यांहून अधिक त्याच्या वाट्याला येते. ओब, येनिसेई, लेना आणि कोलिमा या नद्या सायबेरियातल्या, मॅकेंझी कॅनडातली. युकॉन अलास्का ओलांडून बेरिंग समुद्राला मिळते. जंगलातला पालापाचोळा, दलदलींचा कुजका अर्क आणि पर्माफ्रॉस्ट, म्हणजे हजारो वर्षे गोठून राहिलेल्या जमिनीची माती, हे सारे त्यांच्या पाण्याबरोबर वाहत जाते. पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशातील मातीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठला आहे, वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. त्यातला जो भाग नदीत उतरतो तो समुद्रात टिकून राहतो, तळाशी गाडला जातो, की कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत परततो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या ३० वर्षांत दोनदा बदलले.

विसाव्या शतकातल्या बहुतेक वर्षांबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. सोव्हिएत जलमापन केंद्रांनी पाणी किती वाहिले याची नोंद नेमाने ठेवली, आणि तिचे मोल फार मोठे ठरले. १९३६ ते १९९९ या काळात युरेशियातल्या सहा सर्वांत मोठ्या उत्तरवाहिनी नद्यांचा प्रवाह ७ टक्क्यांनी वाढल्याचे ब्रूस पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, ते याच वह्यांच्या आधारे. कार्बनची मोजमापे मात्र तुरळक होती आणि त्यांच्या पद्धतीही एकमेकींशी जुळत नव्हत्या.

१९९० च्या दशकात संशोधन जहाजे नदीमुखांकडे जाऊ लागली, पण ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बर्फ हटल्यावर. क्षारता वाढेल तसा विरघळलेला कार्बन कमी होतो, आणि आलेखावर ती रेघ सरळ येते, असे पुन्हा पुन्हा दिसले. म्हणजे नदीचे पाणी समुद्रात नुसते मिसळते, वाटेत काही नष्ट होत नाही. १९९९ मध्ये लिग्निन हे फक्त जमिनीवरच्या वनस्पतींत सापडणारे द्रव्य आर्क्टिकच्या भर समुद्रात आणि तिथून अटलांटिककडे जाणाऱ्या पाण्यात आढळले. तेव्हा हा कार्बन जीवाणूंना पचत नाही, हे मत जवळपास पक्के झाले. निरीक्षणे खरी होती, निष्कर्ष मात्र घाईचा होता. नदी जेव्हा खरी वाहते तेव्हा काठावर बाटली घेऊन जवळपास कोणीच उभे नव्हते, आणि तरीही ते मत पुढे वर्षानुवर्षे सिद्ध गोष्टीसारखे उद्धृत होत राहिले.

ही चूक दुरुस्त केली ती २००३ नंतरच्या दशकाने. त्या वर्षी सहा नद्यांसाठी ‘पार्टनर्स’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. ओबवर सालेखार्द, येनिसेईवर दुदिंका, लेनावर झिगान्स्क, कोलिमावर चेर्स्की, युकॉनवर पायलट स्टेशन आणि मॅकेंझीवर त्सीगेचिक अशी सहा ठिकाणे ठरली. सगळीकडे पद्धत एक, गाळणी एका प्रकारची आणि तपासणीच्या प्रयोगशाळाही त्याच. पाणी भरायला त्या गावांतली माणसे होती, म्हणूनच बर्फ फुटण्याच्या दिवसांत काम होऊ शकले. मेअखेर ते जून या काळात वितळलेल्या बर्फाचा लोंढा येतो आणि वर्षाच्या पाण्याचा मोठा हिस्सा काही आठवड्यांत वाहून जातो. हिमखंड एकमेकांवर आदळत असतात आणि त्यांच्या मधले पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसते. ते काचतंतूंच्या गाळणीतून गाळले की वर चिखलाचा थर राहतो. गाळलेल्या पाण्याचा तपकिरी रंग जात नाही. तो रंग विरघळलेल्या कार्बनचा.

पुराच्या या पाण्याने जुने उत्तर मोडले. अलास्काच्या नद्यांवरचा मॅक्स होम्स यांच्या गटाचा अभ्यास २००८ मध्ये आला. लोंढ्याच्या पाण्यातला २० ते ४० टक्के कार्बन तीन महिन्यांत जीवाणूंनी संपवला होता, तर उन्हाळ्याच्या पाण्यातला जवळजवळ जसाच्या तसा राहिला. त्याआधी २००४ मध्ये डेनिस हॅन्सेल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आर्क्टिकमध्ये नद्यांचा कार्बन सुमारे ७ वर्षांत निम्मा होतो, असे दाखवले होते. ऑगस्टमधल्या जहाजांना जे सापडत होते ते जेवणानंतरचे उरलेसुरले अन्न होते. किरणोत्सारी कार्बनवरून वयही कळले: लोंढ्यातला विरघळलेला कार्बन बहुतांशी ताजा, काही वर्षांपूर्वीच्या झाडापानांचा. वर्षाला सुमारे ३.४ कोटी टन विरघळलेला कार्बन सर्व नद्या मिळून समुद्रात सोडतात, हा २०१२ चा अंदाजही सहा नद्यांच्या नमुन्यांवर उभा आहे.

गाळातल्या कणरूप कार्बनची गोष्ट वेगळी आहे. तो पुष्कळदा हजारो वर्षांचा जुना असतो. मॅकेंझीच्या मुखाशी त्यातला बराच भाग तळाशी सुखरूप गाडला जातो, असे २०१५ मध्ये दिसले. सायबेरियाची समुद्रबूड जमीन मात्र उथळ आणि अतिशय रुंद आहे. लाप्टेव्ह समुद्रात किनाऱ्यापासून तिच्या कडेपर्यंत पोचायला गाळाला सुमारे ३,६०० वर्षे लागतात, असे २०१८ चे मोजमाप सांगते. तेवढ्या वाटेत तो पुन्हा पुन्हा ढवळला जातो आणि कुजत राहतो. त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पूर्व सायबेरियाच्या समुद्राची आम्लता वाढवतो. ढासळणाऱ्या किनाऱ्यांची मातीही त्यात भर घालते, म्हणून नदीचा वाटा वेगळा काढायचा तर नदीवरच मोजावे लागते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पाश्चात्त्य संस्थांचे रशियाशी असलेले सहकार्य गोठले. सहापैकी चार नद्या रशियात आहेत. एकाच पद्धतीने सहाही नद्या मोजण्याची, २००३ पासून जपलेली घडी विस्कटली, आणि तीही पर्माफ्रॉस्ट झपाट्याने वितळत असताना. या हानीला भरपाई नाही. लोंढ्यातला बराच कार्बन तीन महिन्यांत खाल्ला जातो. त्या जूनची बाटली भरली नाही तर पुढे कितीही जहाजे पाठवून तो सापडत नाही. उपग्रहांना ढग आणि बर्फ नसेल तेव्हा नदीमुखाशी पसरलेला तपकिरी रंग दिसतो. त्यातला कार्बन गेल्या उन्हाळ्यातल्या पानांचा आहे की हिमयुगातल्या मातीचा, हे उपग्रहाला दिसत नाही.